टाकाळ्याचं जुनं बैठं घर भाड्यानं मिळतंय, पण मालकीणबाई म्हणतात कागद करायचा नाही

माळावरची
नमस्कार मंडळी. बारा वर्षं पुण्यात काढली, आता कोल्हापुरात परत येतेय. नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लागलीय, आणि आईला आता गावाकडं एकटीला ठेवणं जमणार नाही. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. जिना चढवत नाही, म्हणून तळमजलाच पाहिजे. शिवाय दार उघडलं की समोर माणूस दिसायला पाहिजे. मागच्या वर्षी महिनाभर पुण्याच्या फ्लॅटवर आणलं होतं, तर म्हणाली, "हितं दिवसभर बोलायला नुसती भिंतच हाय गं."

गेले दोन शनिवार-रविवार मावसभावाची गाडी घेऊन फिरले. रुईकर कॉलनी, नागाळा पार्क, सायक्स एक्स्टेन्शन, प्रतिभानगर, टाकाळा. मला हव्या तशा घरांवर पाटी लागत नाही आणि मोबाईलवरच्या जाहिरातींत ती येतच नाहीत. टाकाळ्याचं हे घर मला एका इस्त्रीवाल्या मामांनी दाखवलं. कोपऱ्यावर त्यांची टपरी आहे. कुणाचा मुलगा बेंगळुरूला गेला, कुणाच्या मागच्या खोल्या रिकाम्या झाल्या, सगळं त्यांना ठाऊक. घर शोधणाऱ्यांनी एजंटाच्या आधी अशा मामांना विचारावं, हे आधीच सांगून ठेवते.

घर बैठं आहे. पायरीवर १९५६ कोरलंय. पुढं व्हरांडा, लाल कोबा, खिडक्यांना उभे लोखंडी गज, मागं न्हाणीत तांब्याचा बंब. कंपाउंडची भिंत कमरेएवढी, त्यामुळं व्हरांड्यात बसलं की जाणारा-येणारा दिसतो आणि त्यालाही आपण दिसतो. दुपारी अडीचला गेले होते. बुचाची फुलं पडलेली, कुठंतरी कुकरची शिट्टी, बाकी गल्ली गप्प. आईला व्हरांड्यात बसवून मी आत खोल्या बघितल्या आणि बाहेर येईपर्यंत तिची समोरच्या काकूंशी ओळख झालेली. तिथंच माझं ठरलं.

मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, मागच्या भागात एकट्या राहतात. भाडं १२ हजार, अनामत ५० हजार. सगळं जमलं. निघताना मी करार कधी करूया म्हणून विचारलं, तर आजींचा चेहराच बदलला. "कागदबिगद काय न्हाई हां पोरी. कागद केला की कूळ लागतंय. इस्वासावर ऱ्हायचं तर ऱ्हा." म्हणजे भाडेकरू हक्क सांगून चिकटतो, ही त्यांची भीती.

आजी माणूस म्हणून फार चांगल्या वाटल्या. घर सोडवत नाही. पण आईला घेऊन, ५० हजार देऊन, कागदाशिवाय राहायला जावं का? शिवाय इतक्या जुन्या घरात राहण्याआधी काय काय तपासून घ्यायचं?


शाहूपुरी_सहावी
टाकाळा म्हणजे उंचावर, पाण्याचं भ्या नाही. पण हा धागा दुसरेही वाचतील म्हणून लिहितो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. आमच्या शाहूपुरीत, रमणमळ्यात, नागाळा पार्काच्या काही भागांत घरात पाणी होतं. या भागांत घर बघताना मालकाला विचारू नका, दोन घरं सोडून तिसऱ्याला विचारा, "एकवीसला कुठपर्यंत आलतं?" भिंत नीट बघा. कमरेपर्यंत रंग ताजा आणि वर जुना असेल तर समजून जायचं. कपाटाच्या मागं बघा, तिथं रंगारी पोचत नाही.

आणि उंचावर असलात तरी हौद बघून घ्या. २०१९ ला उपसा केंद्रंच पाण्यात गेली, त्यामुळं घराला पूर न लागलेल्यांच्याही नळाला पाणी नव्हतं. ज्यांच्या परसात आड नाहीतर बोअर होता ते तरले, आणि त्यांच्या जिवावर अख्खी गल्ली तरली.


चुना_आणि_वीट
मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळं हा प्रश्न माझा आहे. जरा लांब लिहितो.

१९५६ चं घर म्हणजे जोतं दगडाचं, वर विटांच्या भारवाहक भिंती, आणि बऱ्याच ठिकाणी दर्जांत, म्हणजे विटांच्या सांध्यांत, चुना. त्या काळात सिमेंट परमिटवर मिळायचं, म्हणून लोक ते स्लॅबला आणि लिंटलला (दारा-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईला) जपून वापरत आणि भिंती चुन्यात उचलत. चुन्याची भिंत श्वास घेते. पावसाळ्यात ओल धरते, दिवाळीनंतर सोडते. तिच्यावर कुणी ऑइल पेंट किंवा जाड प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते आणि खाली हात-दीड हातावर लोणा येतो. पांढरी भुकटी, फुगलेला गिलावा. बोटानं दाबून बघ. पीठ पडलं तर लोणा आहे. त्यानं घर पडत नाही, पण आईंचा पलंग त्या भिंतीला लावू नको. दमा, संधिवात असणाऱ्याला ती गार भिंत सोसत नाही.

दुसरं, स्लॅब. व्हरांड्याच्या कडेला, न्हाणीच्या वर आणि पाण्याच्या टाकीखाली वर मान करून बघ. तांबूस रेघा किंवा पापुद्रे सुटलेले दिसले तर आतली सळई गंजलीय. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला ढकलते. एक ढपली पडायला वेळ लागत नाही, आणि ती कुणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही.

तिसरं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, वायरिंग. मेन बोर्ड उघडून दाखवा म्हण. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि भिंतीवर लाकडी पट्टीतून गेलेली वायर असेल तर ती रेडिओ, चार बल्ब आणि एका पंख्यासाठी टाकलेली आहे. तिच्यावर २ किलोवॉटचा गीझर, फ्रीज आणि वॉशिंग मशीन चालवायचं नाही म्हणजे नाही. अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घे, नवीन एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारं बटण) आणि विजेची गळती झाली की लाइन तोडणारा ब्रेकर बसवून घे. न्हाणीत ओल्या हातानं बटण दाबणारी म्हातारी माणसं घरात असतील तर यात हयगय नको. मी एका घरात गीझरचा धक्का बसून पडलेल्या काकूंना उचललंय. त्या वाचल्या.

वाळवीसाठी चौकटीचा खालचा वीतभर भाग किल्लीनं ठोकून बघ. पोकळ वाजला तर सांग.


माळावरची
दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, फार आभार. काल परत जाऊन बघितलं. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लोणा आहे, हातभर उंच. स्लॅब ठीक दिसतो. मेन बोर्ड मात्र तुम्ही लिहिलंय तसाच, चिनी मातीचे फ्यूज आणि लाकडी पट्टी. चौकटी सागवानी आहेत, वाजवून बघितल्या, टणक आहेत.

आजी मागं उभ्या राहून बघत होत्या. मी चौकट ठोकतेय बघून म्हणाल्या, "सागवान दांडेलीचं हाय, माझ्या सासऱ्यांनी आणलंवतं. तुझ्या-माझ्या नातवंडास्नी पुरंल." आजी अजून "मी येतो, मी करतो" असंच बोलतात. आमची आजीही असंच बोलायची. पुण्यात माझ्या तोंडून चुकून "मी आलो" निघालं की लोक हसायचे, म्हणून मी ते सोडलं होतं. काल आजींशी बोलताना आपोआप परत आलं.


निवृत्त_मास्तर
मुली, तुझ्या आजी चुकीचं बोलत असतील, पण उगाच बोलत नाहीत. त्या भीतीला इतिहास आहे. मी त्याच पिढीच्या जरा मागचा. आमचंही घर अशाच एका कॉलनीत, १९५७ चं.

कोल्हापूर म्हणजे मुळात पेठांचं गाव. शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली, राजाराम महाराजांच्या काळात राजारामपुरी आखली गेली, सरळ गल्ल्या, एक ते पुढं नंबरानं. मग महायुद्ध आलं. तिकडं वळिवड्याला पोलंडची निर्वासित मंडळी १९४३ ते १९४८ राहून गेली, त्यांच्या मागून त्याच बराकींत फाळणीत घर गेलेले सिंधी बांधव आले, त्याचं आजचं गांधीनगर. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं. सरकारी कचेऱ्या वाढल्या, शाळा-कॉलेजं वाढली, उद्यमनगरात कारखाने आले, १९६२ ला सागरमाळावर विद्यापीठ आलं. पेठेतल्या वाड्यांत दोन खोल्यांत राहणारे आमच्या वडिलांसारखे शिक्षक, कारकून, कंपाउंडर यांनी माळावर प्लॉट घेतले, सोसायट्या केल्या, कर्ज काढलं आणि बैठी घरं बांधली. आमच्या प्लॉटसमोर चुन्याची घाणी होती. गोल चर, त्यात दगडी चाक, आणि बैल फिरतोय. मी सात-आठ वर्षांचा असेन. बैल थांबला की हाकायचं काम माझ्याकडं. तो चुना आजही आमच्या भिंतीत आहे.

आता कूळ. माझ्या आजोबांची पन्हाळ्याकडं थोडी जमीन होती. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला कसणारा मालक झाला. न्यायानं बघितलं तर ते योग्यच झालं. जो राबला त्याची जमीन. पण आमच्या घरात "कूळ" हा शब्द त्या दिवसापासून दबक्या आवाजात बोलला जायचा. त्याच सुमाराला वडिलांनी मागच्या दोन खोल्या एका कारकुनाच्या कुटुंबाला १८ रुपयांनी दिल्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडं गोठलेलं. १९७३ ला तर कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ ला जे परवान्यावर, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवानगीवर, राहत होते त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ते कुटुंब आमच्याकडं तीस वर्षं राहिलं. भाडं १८ चे पुढं २५ झाले. कौलं बदलायला शेकडो लागायचे, मग वडिलांनी कौलं बदललीच नाहीत. त्यांच्या खोलीत गळायचं, ते भांडी मांडून झोपायचे. भांडण कधी झालं नाही. त्यांची मुलं आणि आम्ही एकत्र वाढलो. पण त्या गळक्या खोलीची लाज माझ्या वडिलांना मरेपर्यंत वाटत होती.

आजींच्या मनात हे सगळं एकत्र झालेलं आहे, शेतीचं कूळ आणि घरातला भाडेकरू. त्यांना कायद्याचं कलम सांगून उपयोग नाही. त्यांच्याशेजारी बसून, त्यांनी काय काय बघितलं ते आधी ऐकून घे.


करार_नोंदणी
मास्तरांनी मुळावर बोट ठेवलं. मी भाडेकरारांची नोंदणी करून देण्याचं काम करते. आजींच्या भीतीच्या नेमकं उलटं आज आहे, ते कसं ते सांगते.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणं करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आजींना सांगण्यासारखी गोष्ट पुढं आहे. लेखी नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरून चालतात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे कागद नसला तर आजींचं घर जास्त धोक्यात आहे.

आणि लिव्ह अँड लायसन्स म्हणजे नुसती राहण्याची परवानगी, ठरलेल्या मुदतीपुरती. त्यात कूळ लागत नाही. मुदत संपूनही कुणी हललं नाही तर कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं, नोंदलेला करार हाच तिथं पुरावा, आणि मुदतीनंतरच्या काळाचे दुप्पट दरानं पैसे मागता येतात.

आपल्याकडं अजून एक पक्का गैरसमज आहे, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा. इतर राज्यांचं तिकडं राहू दे, महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. आणि अकराच महिने का? आईंना घेऊन तू सारखी बिऱ्हाड हलवणार आहेस का? दोन वर्षांचा कर. खर्च बघ. दोन वर्षांचं भाडं २ लाख ८८ हजार. ५० हजार अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं दोन वर्षांचं व्याज १० हजार. एकूण २ लाख ९८ हजार, त्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे ७४५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. वर दस्त हाताळणीचे ३०० आणि करून देणाऱ्याची मजुरी. आता घरी येऊन अंगठा घेऊन ऑनलाइन होतं, आजींना कचेरीत जायला नको.

करारात हे न विसरता लिही: अनामत किती, कशी दिली, घर सोडल्यावर किती दिवसांत परत. दोन्ही बाजूंनी नोटीस किती. घरफाळा आणि पाणीपट्टी कोण भरणार, वीजबिल कोण. मोठी दुरुस्ती कुणाची. आहे त्या वस्तूंची यादी, बंबासकट. अनामत बँकेतून दे, रोख नको. आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची, तेही आजींना तूच भरून दे.


पिवळा_बहावा
ताईंनी "रोख नको" लिहिलंय ते मी रडून शिकले आहे.

दुसऱ्या एका कॉलनीत, अशाच शांत घरात आम्ही अडीच वर्षं राहिलो. मालक काका देवमाणूस होते. माझ्या मुलाला सायकल त्यांनी शिकवली. कागद नाही, ६० हजार रोख त्यांच्या हातात दिले, त्यांनी ते देवघरातल्या डब्यात ठेवले, मी डोळ्यांनी बघितलं. एका सकाळी काका गेले. तेराव्यानंतर त्यांची मुलं म्हणाली, आम्हाला अनामतीचं काही माहीत नाही. ती खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच माहीत नव्हतं. ज्या माणसाला माहीत होतं तो नव्हता. मी त्या पैशांसाठी दुखवट्यातल्या घरात भांडले, आणि आजही मला त्याचं वाईट वाटतं. अर्धे पैसे मिळाले. पण त्या घराशी बोलणं तुटलं ते तुटलंच. माझा मुलगा अजून काकांच्या फाटकापुढं गेला की मान खाली घालतो.

तुझ्या आजी ऐंशीच्या पुढं आहेत. मला वाईट बोलायचं नाही. पण कागद पाहिजे तो आजींच्या मुलासाठी आणि तुझ्यासाठी, त्या दिवसासाठी ज्या दिवशी आजी सांगायला नसतील.


रंकाळ्याकाठी
सगळे चांगलं लिहिताय, पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही. या शांत कॉलन्यांत करारापर्यंत पोचण्याआधी फोनवर आडनाव विचारतात. माझं आडनाव ऐकलं की घर "कालच गेलं" असतं. अकरा घरं अशी कालच गेली. बायको बँकेत, मी शिक्षक, आठ वर्षांची मुलगी. एका ठिकाणी जिना चढून वर पोचलो होतो, मालकीणबाईंनी सरबत दिलं, मुलीला बिस्किट दिलं, मग नाव विचारलं. त्यानंतर त्या उभ्याच राहिल्या. आम्हाला कळलं.

हे शाहू महाराजांचं गाव. १९०१ पासून महाराजांनी इथं एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली, मुस्लिम बोर्डिंग त्यातलंच. बाहेरगावच्या पोराला कोल्हापुरात डोक्यावर छप्पर मिळावं एवढ्यासाठी. माझे आजोबा त्याच बोर्डिंगात राहून शिकले. मला त्या गावात छप्पर शोधायला सात महिने लागले.

बाराव्या घरी एक निवृत्त जोडपं होतं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, पाणी जपून वापराल का आणि रात्री फाटक लावाल का. तिथं आम्ही चार वर्षं आहोत.


माळावरची
दादा, तुमचं वाचून मी कालपासून अस्वस्थ आहे. खरं सांगते. आजींनी मला आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग आईचं माहेर. मी पटापट उत्तरं दिली आणि मनात म्हटलं, बरं झालं, ओळख निघाली. त्या प्रश्नांनी दुसऱ्या कुणासाठी दार बंद होतं हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. ते यायला हवं होतं.


शाहूपुरी_सहावी
रंकाळ्याकाठी, आमच्या वरच्या दोन खोल्या पुढच्या वर्षी रिकाम्या होतील. पूर येतो हे वर लिहिलंच आहे, पण वरचा मजला कोरडा राहतो. तुमच्या ओळखीत कुणाला लागल्या तर सांगा. आडनाव विचारणार नाही.


चुना_आणि_वीट
माळावरची, वायरिंगचं काय ठरलं? त्याशिवाय सामान हलवू नको.


माळावरची
उशिरा लिहितेय, पण सगळं सांगते.

मास्तर, तुम्ही सांगितलं तसं केलं. रविवारी आईला घेऊन गेले, कागदाचा विषयच काढला नाही. आजींनी चहा टाकला. मी नुसतं विचारलं, "आजी, पूर्वी कोण राहत होतं हो हितं?" तासभर ऐकत बसलो. १९६१ ला एक सर्व्हेअर राहायला आले होते, बायको बाळंतपणाला माहेरी गेली ती परत आलीच नाही, गेली बिचारी, मग त्या तान्ह्या पोराला आजींनी दोन वर्षं सांभाळलं. पुढं त्याच माणसाशी खोल्यांवरून कोर्टात गेले. नऊ वर्षं. "ज्याच्या पोराला मी दूध पाजलं, त्येच्यासमोर मला जजापुढं उभं केलं," असं म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मला तेव्हा कळलं, कूळ म्हणजे त्यांच्यासाठी हे आहे.

थोड्या वेळानं मी विचारलं, "तेव्हा कागद होता का?" म्हणाल्या, "कागद कसला, इस्वास होता." मग मी करार_नोंदणी ताईंनी लिहिलेलं सांगितलं, की कागद नसला तर भाडेकरू म्हणेल तेच आधी खरं धरतात. आजींनी दोनदा विचारलं, "भाडेकरूचं? मालकाचं न्हाई?" मग आत गेल्या आणि पत्र्याची पेटी घेऊन आल्या. त्यात सुतळीनं बांधलेला पावत्यांचा गठ्ठा, वरच्या पावतीवर रुपये १५ फक्त, खाली रेव्हेन्यू तिकीट, त्यावर त्यांच्या यजमानांची सही. आजींनी त्या सहीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "ह्येनी सगळं लिहून ठेवत हुते. मीच इसरलो." मग त्यांनीच बेंगळुरूला मुलाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मुलगा म्हणाला, "ताई, मी दहा वर्षं सांगतोय, माझं ऐकलं नाही तिनं."

परवा करारवाले घरी आले. आजींचा अंगठा मशीन घेईना. ऐंशी वर्षं भांडी घासून, शेण सारवून बोटांवरच्या रेघाच गेल्यात. ओल्या फडक्यानं पुसलं, कोमट पाण्यात बोटं धरली, एकेक बोट करत उजव्या हाताच्या मधल्या बोटाला हिरवा दिवा लागला. आई शेजारी बसून त्यांचा हात धरून होती. दोन वर्षांचा करार झाला. अनामत बँकेतून गेली, मुलाचा नंबर करारात आहे, वस्तूंच्या यादीत बंब आहे.

वायरिंग: २६ हजारांचा अंदाज आला. आजींकडं एकदम एवढे नव्हते. मी आधी घालायचे आणि दरमहा भाड्यातून दोन हजार वळते करून घ्यायचे, तेराव्या महिन्यात सगळे फिटतात, तेही करारात लिहून घेतलं. काम काल पूर्ण झालं. अर्थिंगचा खड्डा बुचाच्या झाडाशेजारी खणलाय, आजी स्वतः उभ्या होत्या, मुळाला लागू दिलं नाही. लोणा आलेल्या भिंतीवरचा ऑइल पेंट खरवडून चुन्याचा हात मारायचा, तो पावसाळा संपल्यावर.

रविवारी मटण केलं तर चालेल का, हेही विचारून घेतलं. वाटीभर रस्सा मागच्या दारानं द्यायचा, एवढी एकच अट आहे. ती करारात लिहिली नाही.

येत्या गुरुवारी सामान येतंय. एकच राहिलंय. तांब्याचा बंब तळाला झिरपतोय. गीझर लावलाय, पण आईला बंबाचंच पाणी पाहिजे, आणि आजी म्हणतात सकाळी दोघींचं एकदमच तापवूया. बूड झाळून देणारा कारागीर अजून कुणी आहे का गावात?


निवृत्त_मास्तर
कासार गल्लीत विचारून बघ. नेण्याआधी नळीतली राख पूर्ण काढ, आणि तोटी इथंच काढून ठेव, वाटेत हरवते.